‘ट्रॉली वळणावर आत ओढते’ : तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार अण्णा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आमच्याकडं बांधून घेतलेली ऊस वाहायची नवी ट्रॅक्टर-ट्रॉली वळणावर आत ओढते, गल्लीच्या तोंडावरच्या घराचा कट्टा तिनं फोडला, आम्ही एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, तिरका बसवलाय, जुनी ट्रॉली ह्याच गल्लीतून इतकी वर्षं बिनतक्रार गेली, आणि वर आम्ही फोन उचलत नाही.

फोनचं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. हंगामाच्या तोंडावर निपाणी-चिक्कोडी भागातले सगळेच एकदम येतात, आणि ग्राइंडर चालू असला की खिशातला फोन ऐकू येत नाही. पण संध्याकाळी मिस्ड कॉल बघून मी उलटा फोन करायला हवा होता. केला नाही. चुकलं.

एक्सलचं मात्र पटत नाही. तुम्हीच लिहिलंय, की डावीकडं वळताना ती डावीकडं घुसते आणि उजवीकडं वळताना उजवीकडं. तिरका एक्सल असं करत नाही. तो कायम एकाच बाजूला ओढतो. सरळ रस्त्यालासुद्धा ट्रॉली खेकड्यासारखी आडवी चालते, आणि टायर घासून जातात. तपासायला आमच्याकडं यायचीही गरज नाही. टेप घ्या, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकाच्या पिनपासून डाव्या हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, मग उजव्या हबपर्यंत मोजा. माप सारखं आलं तर एक्सल सरळ आहे.

मग कट्टा का फुटला? जुनी ट्रॉली पिनपासून एक्सलपर्यंत ९ फूट होती, नवी १२ फूट आहे. ऊस जास्त बसावा म्हणून लांब हौदा तुम्ही मागितलात, आणि मीही खुशीनं बांधून दिला. वळणावर ओढल्या जाणाऱ्या गाडीची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून कधीच जात नाहीत, ती आतून कापतात. किती कापतात, ते तुमच्या गावातला गवंडीही सांगेल. पाया आखताना तो गुण्या, म्हणजे काटकोन, जुळवायला ३-४-५ बाजूंचा त्रिकोण धरतो ना, तोच हिशेब. समजा, हुकाची पिन २० फूट त्रिज्येच्या गोलात फिरतेय. ट्रॉली १२ फूट असेल तर एक्सलचा मध्य १६ फुटांच्या गोलात फिरणार. १२-१६-२० म्हणजे ३-४-५ चौपट करून. चार फूट आत! जुन्या ९ फुटीला हेच मांडलं तर आत जाणं दोन फुटांच्या जरासं वर येतं. लांबी वाढली तीन फूट, कापणं झालं जवळजवळ दुप्पट. हे पूर्ण गोल फिरतानाचं झालं. गल्लीतल्या एका काटकोनात ती एवढी आत जात नाही, पण कट्ट्याला फुटायला कितीसं लागतंय?

हे ट्रॉली ताब्यात देताना मी ड्रायव्हरला सांगायला पाहिजे होतं. चाव्या, कागद, पेढे सगळं दिलं, एवढंच राहिलं. म्हणून इथंच लिहितो, इतरांच्याही कामी येईल.

जुन्या सवयीनं कोपरा दिसला की स्टेअरिंग फिरवायचं नाही. ट्रॅक्टर सरळ पुढं जाऊ द्या, उशिरा वळा. आतल्या बाजूला जागा सोडून या, आणि वळताना नजर ट्रॉलीच्या आतल्या चाकावर ठेवा. हौद्याचा कोपरा बघून फसायला होतं. आरसा नसेल तर बसवून घ्या, बऱ्याच ट्रॅक्टरांना तो नसतोच. डावीकडं वळताना सोडलेल्या त्या जागेत मोटरसायकलवाला घुसतोच घुसतो, त्याला ट्रॉली आत येणार हे माहीत नसतं. त्याच वेळी एक्सलच्या मागचा हौदा आणि बाहेर लोंबणारा ऊस उलट्या बाजूला फिरतो. कट्टा वाचला आणि समोरचा विजेचा खांब गेला, असंही होतं.

गिअर वळणाच्या आधीच उतरवा. वळणात क्लच दाबून ट्रॅक्टर मोकळा सोडला, की भरलेली ट्रॉली मागून ढकलते. तवंदी घाटाच्या उतारावर तर हे अजिबात नको. आणि दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी रस्त्यावर कायम लावलेली असू द्या. शेतात एका चाकाला ब्रेक मारून ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो, ते बरं आहे. पण मागं भरलेला ऊस असताना तसं केलं तर ट्रॉली दुमडून मागच्या टायरला भिडते, नाहीतर ट्रॅक्टरच उलटतो. मागं दुसरी ट्रॉली जोडलीत तर ती पहिलीच्याही आतून जाणार, आणि त्या गल्लीत डबल ट्रॉली घालायचीच नाही. कारखान्याला दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील.

आता पैशाचं. ट्रॉली घेऊन या, तुमच्यासमोर टेप लावतो. दोन्ही बाजूंत बोटभर जरी फरक निघाला तर एक्सल नव्यानं बसवून देईन आणि कट्ट्याची भरपाईही मी भरीन. फरक नसला तर कट्ट्याचे पैसे देणार नाही, स्पष्ट सांगतो. पण वाकलेला मडगार्ड फुकट सरळ करून, दोन्ही बाजूंना आरसे आणि मागं लाल रिफ्लेक्टर लावून देतो. अंगणात फक्की टाकून ट्रॅक्टरचा माग आणि ट्रॉलीचा माग दोन्ही दाखवतो. आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तेच करणार आहे.

फक्त येताना ड्रायव्हरला सोबत आणा, तुम्ही एकटे येऊन उपयोग नाही. आणि सकाळी नऊच्या आत या. नंतर ग्राइंडर सुरू झाला, की परत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.