डाळ परवडते, शिजवणं परवडत नाही

नाक्यावरच्या मजुरांचा विषय निघाला की नाशकात ठरलेलं वाक्य कानावर येतं: मजुरी वडापावात उडवतात, घरी वरणभात टाकला तर निम्म्यात भागेल. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला हा सूर चांगलाच ओळखीचा आहे. २०२२ मध्ये ली अँडरसन या खासदारांनी संसदेत सांगितलं की फूड बँकेत (गरजूंना फुकट शिधा मिळतो तिथे) येणाऱ्यांना धड स्वयंपाक येत नाही, दिवसाला ३० पेन्सांत जेवण करता येतं. त्याच वर्षी तिथे काही जण फुकटचे बटाटेसुद्धा नको म्हणत होते. उकडायचे कशावर?

ब्रिटनमधल्या गरीब घरांत बऱ्याचदा आधी पैसे भरून चालणारा गॅस-विजेचा मीटर असतो. शेगडी पेटवा न पेटवा, स्थिर आकार रोज चढतो. मीटर रिकामा पडला तरी थांबत नाही; पुढच्या वेळी १० पौंड भरले की आधी ती बाकी वळती होते, उरेल त्यावर रांधायचं.

नाशकात मीटरच्या जागी सिलिंडर आहे, एवढाच फरक. पेठ-सुरगाण्याहून येऊन अंबड-सातपूरला खोली घेणाऱ्याला रेशनचं धान्य गावच्या कार्डावर इथेही उचलता येतं. प्राधान्य गटाला माणशी ५ किलो, २०२३ पासून मोफत. पण ते गहू-तांदूळ. डाळ, तेल, दळण आणि गॅस ज्याचा त्याने बघायचा. १४.२ किलोच्या सिलिंडरच्या नेहमीच्या जोडणीला पत्त्याचा पुरावा मागतात, आणि भाडेकरार कोण करून देतो? ५ किलोचा पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण बाजारभावाने. मग किलोवर चोरून गॅस भरून देणारा गाठायचा. तो महाग तर असतोच, शिवाय धोक्याचाही.

गॅस खरा खाते ती तूरडाळ. उघड्या पातेल्यात तास-दीड तास लागतो. वाटीभर डाळ अर्धा तास भिजवून, तीन वाट्या पाणी घालून कुकरला लावली आणि पहिल्या शिटीनंतर आच बारीक केली, तर दहा मिनिटं पुरतात. पुढचं काम कोंडलेली वाफ करते. पण कुकरचं रबर कडक झालं की कडेने वाफ जाते, शिटी होतच नाही आणि गॅस जळत राहतो. बोअरचं पाणी जड असेल तर दाणा कच्चाच राहतो. चिमूटभर सोडा लागतो. चिंच-टोमॅटो आधीच टाकले तर डाळ शिजायला आणखी वेळ. दिवसभर स्लॅबवर राबून आलेल्याने हे सगळं रात्री आठला करायचं, नाहीतर आळशी म्हणवून घ्यायचं!

राज्य सरकारच्या स्वस्त जेवणाच्या, २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीला ‘फुकटेगिरी’ म्हणणं मला पटत नाही. तिची अडचण वेगळीच: ती दुपारची, आणि मजूर तेव्हा साइटवर. त्याच केंद्रांनी संध्याकाळी शिजवलेली साधी डाळ वजनावर विकावी. मोठ्या भांड्यात माणशी गॅस कमी लागतो. भात दहा-पंधरा मिनिटांत होतो, भाकरी तव्यावर. तेवढं खोलीवर जमतं.