खांब उभे करून आम्ही गायब झालो नव्हतो

नमस्कार काकू,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मे महिन्यात, नातवंडं सुट्टीला आलेली असताना मागच्या अंगणात चार खांबांवर ताणायच्या कापडाची सावली तयार नव्हती आणि तुम्हाला, काकांना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय, ‘आठ दिवसांत करून देतो म्हणाले, तीन आठवडे लावले. खांब गाडले आणि गायब झाले. फोन उचलत नाहीत. खांबसुद्धा तिरपे. यापेक्षा बाजारातली हिरवी जाळी कितीतरी स्वस्त पडली असती.’ किमतीचं आणि खांबांचं खाली सांगतो. पण ‘गायब झाले’ हे फार लागलं. वाचणाऱ्याला वाटणार, अ‍ॅडव्हान्स घेतला आणि पळून गेले. बाबांनी ताडपत्रीच्या छोट्या दुकानापासून याच अकोल्यात हा धंदा उभा केला. असं आमच्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

आठ दिवस मी म्हणालो होतो ते कापडाच्या शिलाईचे. खांब उभे राहिल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घेतो आणि मग कापड शिवायला टाकतो. खड्ड्यातलं काँक्रीट पक्कं व्हायचे दिवस वेगळे, हे मी तुमच्या ओसरीत बसून सांगितलं होतं आणि कोटेशनच्या शेवटच्या ओळीत ‘क्युरिंगचा वेळ वेगळा’ असं लिहिलेलंही आहे. अक्षर बारीक आहे. ते आता मोठं करून घेतो.

आता हे दिवस लागतातच का, ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला फक्त चार रिकामे खांब दिसतात. आपल्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला पंजा आत जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. अशा मातीत दोन फुटांवर गाडलेला खांब एक पावसाळा गेला की कलतो. म्हणून तुमच्याकडे साडेचार फूट खोल गेलो, तळाला मुरूम ठोकला, पाइपाच्या बुडाला आडव्या सळया वेल्ड केल्या आणि मग काँक्रीट ओतलं. ताणलेलं कापड वाऱ्यात शिडासारखं भरतं आणि सगळी ओढ चार कोपऱ्यांवर येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारपर्यंत पान हलत नाही आणि संध्याकाळी अचानक वावधन सुटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही ओढ खांब पेलतो तो खालच्या काँक्रीटच्या जिवावर. काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात, 7 दिवसांत साधारण दोन-तृतीयांश येते, तीसुद्धा ते ओलं राहिलं तर. उष्ण आणि कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओलं ठेवा, असं आय. एस. 456 या भारतीय मानकातच सांगितलेलं आहे. अकोल्याच्या मे महिन्यापेक्षा उष्ण आणि कोरडी हवा अजून कुठली? दुपारी ओतलेलं काँक्रीट वरून तासाभरात पांढरं पडायला लागतं.

आणि त्या दिवसांत आम्ही गायब नव्हतो, काकू. नळाला रोज पाणी नाही आणि तुमच्या बोअरचं पाणी खारं, चूळ भरली तरी कळतं. आपल्या खारपाणपट्ट्यातलं ते पाणी काँक्रीटवर टाकलं तर आतल्या लोखंडाला गंज धरतो. म्हणून आमच्याकडचा पोरगा गाडीवर गोड्या पाण्याचे कॅन बांधून सकाळ-संध्याकाळ तुमच्या मागच्या फाटकातून यायचा, खांबांच्या बुडाशी गुंडाळलेली पोती भिजवायचा आणि जायचा. काकांनी त्याला चहाही दिला आहे. त्याच्या हातात वेल्डिंगचं मशीन नव्हतं म्हणून तो काम करत नव्हता असं वाटलं असेल, पण त्या दिवसांत खरं काम तेच होतं.

पुढचं मी इथे लिहिणार नव्हतो. पण तीन आठवड्यांचा विषय चारचौघांत आला आहे, त्यामुळे लिहावं लागतंय. काँक्रीट ओतून तीन दिवस झाले होते तेव्हा मुलांना सावली हवी म्हणून त्याच खांबांना दोऱ्या बांधून वर जुनी चादर आणि दोन साड्या ताणल्या गेल्या. मुलांसाठी केलं, कुणीही करेल. त्याच संध्याकाळी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी आमचा पोरगा पाणी टाकायला आला तेव्हा विहिरीकडच्या खांबाभोवती काँक्रीटला गोल फट दिसली, नख आत जाईल एवढी. खांब हाताने हलत होता. तो खड्डा फोडून पुन्हा भरावा लागला आणि त्या खांबाचे दिवस पहिल्यापासून मोजावे लागले. त्या सिमेंटचे आणि मजुरीचे पैसे आम्ही तुमच्या बिलात लावलेले नाहीत, बिल पुन्हा एकदा बघा. त्या वेळी मी काकांना फोनवर कारण सांगितलं होतं, कदाचित ते तुमच्यापर्यंत पोहोचलं नसेल.

तुम्ही फोनवर म्हणालात, ‘आता बांधून टाका, पुढचं पुढे बघू.’ कापड शिवून दुकानात तयार होतं. बांधायला एक दुपार पुरली असती. तुमचं समाधान झालं असतं, आमचे उरलेले पैसे लगेच हातात आले असते आणि हा रिव्ह्यूही आला नसता. पण खाली मुलं खेळत असताना चार इंची लोखंडी पाइप कलला असता तर? ते मला जमलं नाही. पुढेही जमणार नाही.

खांब तिरपे दिसतात ते मुद्दाम तसे ठेवले आहेत. कापडाची ओढ आतल्या बाजूला असते, म्हणून खांब थोडा बाहेर झुकवून गाडतात. कापडाच्या कडा कमानीसारख्या आत वळलेल्या आहेत, तेही कापड कमी पडलं म्हणून नाही. कड सरळ ठेवली की ती सैल पडून फडफडते आणि फडफड सुरू झाली की शिलाई उसवते.

हिरव्या जाळीचं म्हणाल तर ती आम्हीही विकतो. नर्सरीतल्या रोपांसाठी ती उत्तम आहे. पण ती हलकी असते, दोरी बांधलेल्या जागी फाटत जाते आणि आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे तुकडे अंगणात पडायला लागतात. तुमच्याकडे लावलेलं कापड जाड विणीचं, उन्हाला टिकावं म्हणून प्रक्रिया केलेलं आहे. काकांनी टिनाचंही विचारलं होतं. टिन दिवसभर तापतं आणि संध्याकाळपर्यंत खाली धग सोडत राहतं. विणलेल्या कापडातून गरम हवा वर निघून जाते. पाऊस मात्र त्यातून खाली येणार, हे आधीच सांगितलेलं आहे.

फोनचं काही प्रमाणात खरं आहे. वेल्डिंग चालू असताना मला रिंग ऐकू येत नाही. त्याचीही काहीतरी व्यवस्था करतो.

एक विनंती आहे. आमचा धंदा होळीपासून मृगापर्यंतचा. त्यात जे मिळतं त्यावर दुकानाचं भाडं आणि पोरांचे पगार वर्षभर चालतात. परवा एका गृहस्थांनी मोबाइलवर तुमचा रिव्ह्यू दाखवून दिलेला अ‍ॅडव्हान्स परत मागितला. मी दिला. स्टार तुम्हाला वाटतील तेवढेच ठेवा, तुमचा उन्हाळ्याचा अर्धा महिना गेला हे मला कळतं. पण ‘गायब झाले’ एवढं बदलता आलं तर बघा. त्या पोराने ते वाचलंय.

मृग लागायच्या आधी येऊन चारही कोपऱ्यांचे टर्नबकल, म्हणजे कापड ताणायचे फिरकीचे स्क्रू, आवळून देतो. नवं कापड पहिल्या महिन्यात थोडं सैल होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि त्याचे पैसे लागत नाहीत. काका घरी असतील अशी वेळ सांगा, म्हणजे टर्नबकल कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्यांना दाखवून ठेवतो. खांबांना आता कपड्यांची दोरी बांधायला हरकत नाही. नातवंडांच्या झोपाळ्याचं तुम्ही विचारलं होतं, तो मात्र या खांबांना बांधू नका. झोपाळ्याचा झटका वेगळा असतो. त्यासाठी भिंतीजवळ दोन पायांचा वेगळा स्टँड बसेल, त्याचं माप त्याच दिवशी घेतो.