करटुल्याला स्थळ पाहताना

श्रावणातल्या बाजारात करटुल्याचा भाव विचारला की सज्जन माणसाच्या मनात दोन विचार एकापाठोपाठ येतात. पहिला, "यापरीस मटण परवडलं." दुसरा, "हे आपणच लावलं तर?" पहिला विचार श्रावणात काही कामाचा नसतो. म्हणून माणूस दुसऱ्याकडे वळतो आणि फसतो.

टोपलीवाली मावशी तर स्पष्ट सांगते, "डोंगरातलं हाय भाऊ, काट्यात हिंडून आणलंय." आपल्या कानात 'डोंगरातलं' एवढाच शब्द शिरतो. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, तरी बालाघाटाच्या उतारावर, कन्नडच्या घाटात, किनवट-माहूरकडे बोरीबाभळीच्या जाळीवर ही वेल बिनबोभाट चढते. मग शेणखत घालून रोज विचारपूस केली तर काय बहर येईल! हिशेब चुकतो तो इथेच. रोजची विचारपूस करटुल्याला सोसत नाही.

सुरुवात बियांपासून करायची हौस सगळ्यांना असते, कारण बी फुकट मिळतं. त्यासाठी एखादं फळ वेलीवरच पिकू द्यायचं. ते आधी पिवळं पडतं, मग नारिंगी होतं, शेवटी फुटतं आणि आत लालभडक गरात बसलेल्या बिया दिसतात. चिमण्या-बुलबुलांच्या आधी आपण पोचायचं, गर राखेत चोळून काढायचा, बी धुऊन सावलीत वाळवायचं. बी हातात घेऊन नीट पाहिलं तर त्याच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात. कारल्याच्या आणि करटुल्याच्या वंशाला शास्त्रात 'मोमोर्डिका' म्हणतात ते त्यामुळेच. लॅटिनमध्ये चावण्याचा जो शब्द, त्यावरून ते आलंय. आपल्याला पुढे काय होणार याची सूचना नावातच दिलेली आहे, पण ती वाचतो कोण.

हे बी ताजं असताना गाढ झोपेत असतं. सप्टेंबरात काढलेलं बी ऑक्टोबरात पेरलं तर ते मातीत जाऊन नुसतं बसून राहतं. पुढच्या जूनपर्यंत ते डब्यात राहू द्या. मृग लागला की नेलकटरनं कवचाची कड किंचित उडवायची, आतल्या पांढऱ्या गराला धक्का लागू द्यायचा नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवून दोन सेंटीमीटर खोल लावायचं. एवढं करूनही एक बी दोन-तीन आठवड्यांनी वर येतं, दुसरं महिन्यानं, आणि तिसरं येतच नाही. मधल्या काळात 'बघू तरी' म्हणून कुंडी उकरणाऱ्यांच्या हातून जेवढी रोपं मरतात, तेवढी बुरशीनंही मरत नसावीत असं माझं मत आहे. यात पहिला क्रमांक माझाच आहे, ते सोडा.

समजा दहातली चार उगवली. वेली काडीवर चढल्या, पानं तकाकली, घरातल्या सगळ्यांना कौतुक वाटलं. आता खरी मेख. कारल्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात, म्हणजे संसार घरातल्या घरात. करटुल्याचं तसं नाही. इथे नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. कलकत्त्याच्या बागेत काम केलेल्या रॉक्सबर्ग नावाच्या डॉक्टरनं दिलेलं आणि १८०५ साली छापून आलेलं याचं शास्त्रीय नाव आहे 'मोमोर्डिका डायोइका'. डायोइका म्हणजे दोन घरांची. नवरा एका घरी, बायको दुसऱ्या घरी, आणि मधे जाणं-येणं करायला पाखरं.

बी, रोप, पान, कोंब, कशावरूनही नर-मादी ओळखता येत नाही. फूल येईपर्यंत वाट पाहायची. बियाची वेल पहिल्या पावसाळ्यात बहुधा कंद भरण्यातच गुंतलेली असते, फुललीच तर चार-दोन फुलं, तीही उशिरा. म्हणजे निकाल दुसऱ्या वर्षी. आणि बियातून साधारण निम्म्या वेली नर निघतात. गरज किती, तर आठ-दहा मादींमागे एक नर. तुमच्याकडे चारच वेली असतील तर चारही नर निघण्याची शक्यता पंधरा-सोळात एक आहे. हे गणित कागदावर फार किरकोळ वाटतं.

मला खरा राग येतो तो आपल्या भाषेचा. नर वेलीला फळ धरत नाही, धरणारच नाही, तो नर आहे. पण आपल्याकडे त्या वेलीला नाव काय? वांझ करटोली. संस्कृतातही तेच, वन्ध्या कर्कोटकी. गडी बिनफळाचा, आणि बोल मात्र बाईच्या नावानं. निदान झाडाझुडपांत तरी हे नको होतं.

तेव्हा बियांचा नाद सोडून कंदावर या. करटुल्याची वरची वेल थंडीत वाळून जाते, खाली कंद जिवंत राहतो आणि दर पावसाळ्याला तिथूनच नवा कोंब येतो. मादीचा कंद लावला तर वेल मादीच निघते, शंकेला जागा नाही. ज्या बांधावरच्या वेलीला फळं दिसतील तिच्या बुडाशी श्रावणातच खुणेचा दगड ठेवायचा, मालकाला विचारून ठेवायचं, आणि कंद उन्हाळ्यात, वळवाच्या पावसाआधी काढायचा. जंगलातून उपसून आणू नका. तिथला कंद गेला की त्या जागेचे पुढचे सगळे श्रावण गेले, आणि मावशीच्या टोपलीतलं माप कमी झालं.

कंद कापून दोन-तीन वेली करता येतात, पण तुकडा कुठला घेता याला महत्त्व आहे. मागच्या वर्षीची वेल जिथून निघाली होती ते वरचं टोक, म्हणजे डोळ्यांचा भाग, प्रत्येक तुकड्यात यायला हवा. नुसत्या शेपटाकडचा तुकडा लावला तर तो पावसाळाभर मातीत गुबगुबीत पडून राहतो आणि वर काही पाठवत नाही. तुकडा मोठ्या लिंबाएवढा तरी असावा. कापलेल्या बाजूला राख किंवा ट्रायकोडर्मा (कुज रोखणाऱ्या बुरशीची पूड) लावून दोन दिवस सावलीत सुकवायचा, मगच मातीत. ओला काप तसाच पुरला की आठवड्यात त्याचा चिखल होतो.

आता माती. डोंगरात हा कंद मुरमाड उतारावर राहतो, पाणी आलं की पुढे गेलं. आपली काळी माती मात्र पाणी धरली की सोडत नाही. कापसाला ती आईसारखी, कंदाला सासूसारखी. पावसात फुगते आणि कंदाभोवती चिखल धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून ऊन थेट कंदापर्यंत पोचतं. करटुलं मरतं ते बहुतेक वेळा ऑगस्टच्या झडीत, तहानेनं नाही. म्हणून फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा. तळाशी मुरमाचा थर, वर निम्मी माती, निम्मा मुरूम आणि दोन-तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत. कंद डोळा वर करून चार बोटं खोल ठेवायचा आणि वर वरंब्यासारखा उंचवटा करायचा. दोन वेलींत दोन मीटर अंतर. कुंडीच हवी असेल तर अर्ध्या पिंपाएवढी, खाली भोकं पाडलेली. चहाच्या कपाएवढ्या शोभेच्या कुंडीत करटुलं लावणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना वेलच सांगेल.

युरियाची मूठ टाकायचा मोह होतो. टाकली की वेल अशी माजते की मांडव दिसत नाही, आणि फुलं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. पाणी फक्त पावसानं खंड दिला तर, पाच-सहा दिवसांनी एकदा. मांडवाला तुराट्या चालतात, पण त्या पहिल्याच वाऱ्यात आडव्या होतात. बाभळीच्या मेढी आणि वर नायलॉनची जाळी, डोक्याएवढ्या उंचीवर, हे सगळ्यात बरं. वेल नाजूक असते, वळवायला गेलात की मोडते. तिला तिच्या कलानं जाऊ द्या.

फुलं यायला लागली की लग्नकार्याला सुरुवात. फूल फिक्कं पिवळं, दोन्हींचं वरून सारखंच. खाली वाकून पाहायचं. मादीच्या पाकळ्यांखाली मऊ काट्यांचं शेंगदाण्याएवढं हिरवं करटुलं आधीपासूनच तयार असतं. नराच्या फुलाखाली तसलं काही नसतं, तिथे देठाला एक पानासारखी झूल असते आणि ती फुलाला खालून कवेत घेते, टोपी उलटी धरल्यासारखी. एकदा ही झूल ओळखली की पुन्हा चूक होत नाही.

अडचण वेळेची. ही फुलं दिवेलागणीला उमलतात आणि सकाळी मलूल होतात. डोंगरात रात्रीचे पतंग हे काम करतात. गल्लीत पतंग रस्त्यावरच्या दिव्याभोवती गरगरत बसतात आणि आपल्या मांडवाकडे ढुंकून पाहत नाहीत. म्हणून पौरोहित्य आपल्याकडे येतं. साडेसात-आठच्या सुमाराला बॅटरी घेऊन मांडवाखाली जायचं. ताजं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या सोलून मधले परागकोष उघडे करायचे आणि मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं टेकवून फिरवायचे. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे पराग ताजा आहे. एक नर फूल सहा-सात मादी फुलांना पुरतं. पाऊस लागला तर त्या रात्रीचं काम वाया, पाण्यानं पराग जातो.

अंधारात मोठा माणूस मांडवाखाली वाकून फुलाच्या तोंडाला फूल लावतोय, हे दृश्य गल्लीला नवीन असतं. "काय करायलाव ओ काका इतक्या राती?" असा आवाज हमखास येतो. "लगीन लावायलोय," हे खरं उत्तर देऊ नये. "साप बघायलोय" म्हटलं की कोणी जवळ येत नाही आणि काम निवांत होतं.

लग्न जमलं की नाही ते तीन-चार दिवसांत कळतं. जमलं असेल तर काट्यांचं हिरवं पोट फुगायला लागतं, नसेल तर ते पिवळं पडून गळतं. नवशिके या गळीला रोग समजून औषधं फवारतात. रोग नाही हो, स्थळ नाही! आधी शेजारी नर वेल आहे का ते पाहा.

फळ धरल्यावर फळमाशी येते. ती कोवळ्या फळाला सुई टोचल्यासारखं भोक पाडून आत अंडी घालते, फळ वरून चांगलं आणि आतून अळ्यांचं. क्यू-ल्युअर नावाच्या वासाच्या आमिषाचा सापळा मांडवाला टांगायचा. त्यात नर माश्या अडकतात, म्हणजे इथेही पुन्हा नराचीच भानगड. गळलेली फळं तिथेच पडू न देता हातभर खोल पुरायची, नाहीतर पुढची पिढी तिथूनच उठते. पानांची जाळी झालेली दिसली तर पानाखाली ठिपक्यांचे तांबूस भुंगे आणि पिवळ्या काटेरी अळ्या सापडतील. चार वेलींसाठी फवारा नको, सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या की भागतं.

फळ धरल्यापासून बारा-पंधरा दिवसांत तोडायचं. 'अजून थोडं मोठं होऊ दे' म्हटलं की बिया दगड होतात. मग घरची म्हणते, हे दाताला लावू का भिंतीला. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी ठेवली तर वेल फुलत राहते. भाजीचं मी जास्त सांगत नाही. उभे काप, लसूण, शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला, ज्वारीची भाकरी. काटे खरवडून काढणाऱ्यांनी दुधी खावा.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि डिसेंबरात वेल वाळते. इथे घाबरून पाणी घालायचं नाही, झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे कुजण्याचं आमंत्रण. वाळलेली वेल जमिनीपासून वीतभर ठेवून कापायची, वर पाचटाचा जाड थर द्यायचा म्हणजे उन्हाळ्यातल्या भेगा झाकल्या जातात. शेतात असेल तर उंदीर-घुशींचं आणि रानडुकरांचं ध्यान ठेवायचं, त्यांना कंद आपल्याआधी सापडतो.

आणि खूण. जानेवारी ते मे जमिनीवर काहीच दिसत नाही, तेव्हा प्रत्येक कंदाशेजारी काडी रोवायची, मादीला लाल चिंधी, नराला पांढरी. रिकामी जागा दिसली की कोणीतरी तिथे मेथी टाकतं. मेथी टाकायला कुदळ लागते, आणि चिंध्या बांधलेली काडी शेळी बांधायला बरी पडते.