करार म्हणजे नुसते कागद? एका प्रतिक्रियेला उत्तर

काळ्या समुद्राकाठच्या सहा देशांवरच्या माझ्या मागच्या लेखात मी म्हटलं होतं की एकमेकांशी पटत नसलं तरी लिहून ठेवलेल्या करारांमुळे हे देश तो समुद्र वाटून घेऊ शकतात. त्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा त्यांच्याच शब्दांत देतो: "लेख गोड आहे, पण भाबडा आहे. युद्ध सुरू झालं की करार म्हणजे कागद. बसेकने [काळ्या समुद्राभोवतीच्या देशांची आर्थिक सहकार्य संघटना] तीस वर्षांत चहापानापलीकडे काय केलं? धान्य करार [युद्धातही युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर जाऊ देणारा] मोडल्यावर युक्रेनने ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी वाट मोकळी करून घेतली, बैठका घेऊन नाही. ज्यांनी समुद्र फक्त नकाशात पाहिलाय त्यांनी असले उपदेश करू नयेत."

नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते मला लागलं, आणि ते लपवण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. लेख पटला नाही तर तसं जरूर सांगा. पण मी काय पाहिलंय आणि काय नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो. थर्ड मेट म्हणून बोटीवर चढलो आणि चीफ मेट होऊन उतरलो. त्यातली बरीच वर्षं बल्क कॅरिअरवर गेली. नोव्होरोसिस्क, ओडेसा, कॉन्स्टांत्सा या बंदरांत धान्य भरायचं आणि बॉस्फरस या इस्तंबूलच्या सामुद्रधुनीतून खाली उतरायचं. हे सगळं याच ब्लॉगवर आधी लिहिलेलं आहे. दुसऱ्याला अडाणी ठरवण्याआधी तेवढं चाळून बघायला हरकत नव्हती.

बॉस्फरस सर्वांत अरुंद जागी जेमतेम सातशे मीटर आहे. येनीकॉयपाशी जहाजाला जवळजवळ काटकोनात वळावं लागतं, आणि वर काळ्या समुद्रातून मारमराकडे जाणारा प्रवाह तुम्हाला मागून ढकलत असतो. अशा ठिकाणी पुढे रशियन टँकर, मागे युक्रेनियन बोट, दोघांच्या मध्ये आम्ही, आणि सगळे एकाच तुर्की वाहतूक नियंत्रकाचं ऐकून वेग कमी-जास्त करताहेत, हे मी ब्रिजवर उभं राहून पाहिलंय. १९७९ साली याच सामुद्रधुनीच्या दक्षिण तोंडाशी 'इंडिपेंडेंटा' हा रुमानियन टँकर एका ग्रीक जहाजाशी टक्कर होऊन फुटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. येण्या-जाण्याच्या वेगळ्या वाटा १९९४ मध्ये आखल्या गेल्या. त्या आजही पाळल्या जातात. पाळणाऱ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे म्हणून नव्हे.

माझ्या एका बोटीवर सेकंड इंजिनिअर ओडेसाचा, म्हणजे युक्रेनियन होता आणि थर्ड नोव्होरोसिस्कचा, म्हणजे रशियन. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रायमिया घेतला आणि त्यानंतर मेसमध्ये दोघं एका टेबलावर बसेनासे झाले. मीठसुद्धा एकमेकांकडे मागायचे नाहीत. पण वॉच बदलताना एकाने लॉगबुकात लिहिलेलं दुसरा ओळ न ओळ वाचायचा, कुठला पंप गळतोय, कुठल्या जनरेटरचं तापमान वर चाललंय, आणि खाली सही करायचा. बोलणं बंद झालं तरी नोंदी बंद झाल्या नाहीत, म्हणून बोट चालत राहिली. समुद्र वाटून घेणाऱ्या देशांबद्दल मी जे लिहितो ते मला तिथे कळलं, नकाशातून नाही.

आता "करार म्हणजे कागद". या एका वाक्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतलं.

काळ्या समुद्रात नेणाऱ्या तुर्की सामुद्रधुनींतून कुणी कसं जायचं हे ठरवणारा माँत्रोचा करार जुलै १९३६ मध्ये झाला. सही करणाऱ्यांत सोव्हिएत संघ होता, ब्रिटन होता, जपानसुद्धा होता. त्यानंतर महायुद्ध झालं, स्टालिनने सामुद्रधुनीत तळ मागितले, शीतयुद्ध झालं, सोव्हिएत संघ फुटला, आणि तो कागद अजून लागू आहे. शांततेच्या काळात कोणत्याही देशाचं व्यापारी जहाज दिवसा-रात्री तिथून जाऊ शकतं. युद्धनौकांचं गणित वेगळं. ज्यांचा काळ्या समुद्राला किनारा नाही त्यांच्या नौकांच्या एकूण टनांवर मर्यादा आहे आणि त्यांना आत २१ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

आणि युद्ध सुरू झाल्यावर काय झालं, हाच तर तुमचा प्रश्न आहे ना? फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तुर्कस्तानने रशिया-युक्रेनच्या लढाईला युद्ध म्हटलं आणि माँत्रो कराराचं कलम १९ लावलं. लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना दार बंद. फक्त मूळ तळावर परतणाऱ्या नौकांना वाट. एप्रिलमध्ये 'मोस्क्वा' ही रशियन क्रूझर काळ्या समुद्रात बुडाली तेव्हा तिच्याच जातीच्या दोन रशियन क्रूझर भूमध्य समुद्रात होत्या. त्या आत आल्या नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने युक्रेनला दिलेल्या दोन सुरुंगशोधक नौकांनाही तुर्कस्तानने तोच नियम दाखवला. म्हणजे अट एका बाजूसाठी सैल आणि दुसऱ्या बाजूसाठी घट्ट अशी नव्हती. तुर्कस्तानकडे आरमार आहे म्हणून हे जमलं, असं तुम्ही म्हणाल. आरमार होतंच. पण त्या आरमाराने कुणाला अडवायचं आणि कुणाला सोडायचं हे ८६ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं, म्हणून ऐन आणीबाणीत ते ठरवत बसावं लागलं नाही. कराराने युद्ध थांबवलं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते युद्ध त्या दारातून आणखी जहाजं घेऊन आत आलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते लहान नाही.

सर्पद्वीप या काळ्या समुद्रातल्या छोट्या युक्रेनियन बेटाचं उदाहरण लेखात होतं, तेही तुम्ही ओलांडून गेलात. रुमानिया आणि युक्रेन यांचं समुद्रहद्दीवरून वर्षानुवर्षं भांडण होतं. २००४ मध्ये रुमानिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, ३ फेब्रुवारी २००९ ला एकमताने निकाल लागला, आणि दोघांनी तो मानला. रुमानियाने आज त्या हद्दीच्या आत समुद्रातल्या वायूवर काम चालवलंय, आणि शेजारी युद्धात अडकलेला असतानाही त्या रेषेवरून कुरबूर नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. बसेकच्या १९९२ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याला मी दोन मोठे परिच्छेद दिले, आणि तुर्कस्तान, रुमानिया, बल्गेरिया यांनी जानेवारी २०२४ मध्ये मिळून उभ्या केलेल्या सुरुंगविरोधी गटाला एकच ओळ. मार्च २०२२ मध्ये तरंगता सुरुंग बॉस्फरसच्या तोंडाशी आला होता. ते पाहता त्या गटाला जास्त जागा द्यायला हवी होती. पण "चहापान" हा शब्द मला मान्य नाही. तुर्कस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओझाल यांनी बोलावलेल्या १९९२ च्या त्या परिषदेत आर्मेनिया आणि अझरबैजान एका टेबलाशी बसले होते, कराबाखमध्ये गोळ्या सुटत असताना. ते टेबल मोडू नये म्हणून कुणाला तरी चहासुद्धा करावा लागतो.

१९९२ मध्येच सहाही किनारी देशांनी बुखारेस्टला प्रदूषणाविरुद्ध करार केला. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला टाक्यांत भरलेल्या) आलेल्या कंगवा-जेली या जेलीफिशसारख्या जीवाने तोवर त्या समुद्रातल्या हमसी माशांचं काय करून ठेवलं होतं ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला विचारा. त्या जेलीसमोर कुठलं आरमार धाडणार होतात?

ड्रोन आणि वाट मोकळी करण्याबद्दल एवढंच, की ऑगस्ट २०२३ नंतरची ती वाट रुमानिया, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांच्या पाण्यातून जाते. बाकीचा मुद्दा लष्करी तज्ज्ञांचा आहे, त्यात मी शिरत नाही. धान्य कराराबद्दल लेखात पुरेसं आलंय: जुलै २०२२ ते जुलै २०२३, सुमारे ३.३ कोटी टन माल. तो टिकला नाही म्हणून झालाच नव्हता असं धरायचं असेल तर आपली चर्चा होणार नाही.

आणि एक विचारायचंय. शांततेबद्दल चार ओळी लिहिणारा भाबडा आणि क्षेपणास्त्रांची नावं घेणारा अभ्यासू, ही वाटणी कुणी केली? तुमच्या प्रतिक्रियेत एकाही कराराचं एकही कलम नाही, आणि तरी उपदेश मी करतोय म्हणे.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. कलम १९ पाळलं गेलं नसतं तर २०२२ च्या वसंतात काळ्या समुद्रात काय झालं असतं, याबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर नक्की लिहा. त्यावर मी उत्तर देईन. मी समुद्र पाहिलाय की नाही याबद्दल पुन्हा लिहिलंत, तर देणार नाही.