‘भुतापेक्षा नायकच असह्य’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. आमच्या नाटकाला एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की चार वर्षांचा मुलगा इतका घाबरला की मध्यंतरालाच घरी जावं लागलं, नायक निव्वळ बावळट आहे, भाषेत हिंदी फार, आणि इंदुरात हॅलोवीन हवंच कशाला?

पहिली तक्रार शंभर टक्के खरी, चूक आमची. मुंजा अंधारात मागच्या दारातून, खुर्च्यांमधून यायचा. तालमीत ते फार भारी वाटलं. तालमीला चार वर्षांचं कोणी नव्हतं ना! भूत रंगमंचावर असतं तोवर मुलांना गंमत वाटते. पाठीमागे चाहूल लागली की आईची मांडीही पुरत नाही. आता मुंजा विंगेतूनच येतो आणि पायऱ्यांचे दिवे चालू राहतात. तिकिटावर नुसतं ‘सहकुटुंब’ होतं, तिथे ‘6 वर्षांपुढील’ छापलंय. तुमचे पैसे परत मिळतील, काउंटरवर बुकिंगचा मेसेज दाखवा.

बावळटपणाबद्दल मात्र माफी मागणार नाही. आमचा नायक सराफ्यातला पहारेकरी. तिथे दागिन्यांची दुकानं बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात. एवढ्या गर्दीत भूत एकटं गाठणार कुणाला? तरी हा स्वतःच्याच किल्ल्यांच्या आवाजाला दचकतो. म्हणून तर पहिल्या रांगेतली चिल्लीपिल्ली ‘अरे, मागे बघ!’ म्हणून ओरडतात. तो शूर असता तर पोरं गप्प बसली असती. (आणि तो पुणेरी बोलला असता तर मुंजालाच हसू आलं असतं. त्याचं इंदुरी ‘काय भिया’, म्हणजे ‘काय भाऊ’, तसंच राहील.)

तुमचा दुसरा अंक हुकला, त्याचं वाईट वाटतं. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज राहिली, असं पोर. पिंपळावरून उतरतं आणि हॅलोवीनसाठी भुतांचे कपडे घातलेल्या कॉलनीतल्या मुलांत मिसळतं. पहारेकरी खोट्या भुतांना घाबरून पळतो आणि खऱ्याला भुट्ट्याचा कीस खाऊ घालतो.

राहिलं हॅलोवीन. 31 ऑक्टोबरला आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत; तिथली माणसं अमेरिकेत गेली आणि भोपळा हाती आला. सणानेच वाटेत भाजी बदलली, मग आम्ही चोइथराम मंडीतला लाल भोपळा आणला तर बिघडलं कुठे? भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी आपल्याकडे आहेच. कोरून निघालेल्या गराचे घारगे होतात, तेवढा आमचा स्वार्थ.

मुलाच्या मनात भीती बसली असेल, तर कुठल्याही प्रयोगाआधी अर्धा तास त्याला घेऊन या, तिकीट नको. मुंजाचं काम करणारा मुलगा तेव्हा साध्या शर्टात असतो. तोंडाला पावडर कशी फासतात ते दाखवेल, हवं तर तुमच्या मुलाकडूनच फासून घेईल.

— नाट्यगृहाचा चालक, इंदूर