बेसाचा प्लॉट आणि २०० तास

माझी भाची यंदा बारावी झाली. नागपुरातल्या प्रतापनगरच्या घराच्या गच्चीवरून सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी विमानं बघत ती मोठी झाली, आणि आता तिला पायलट व्हायचं आहे. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. भाऊजींनी वीस वर्षांपूर्वी बेसाला घेतलेला प्लॉट विकायची तयारी केली आहे. "प्लॉट तं पुन्हा घेता येईल, पोरीचं वय थोडीच परत येते?" असं ते मला फोनवर म्हणाले, तेव्हा माझे डोळे भरून आले.

घरात तीन मतं आहेत. दादाला वाटतं, तिला सरळ अमेरिकेला पाठवावं, दहा महिन्यांत मोकळं. भाऊजींच्या मित्रांचं म्हणणं, गोंदिया-जळगाव-बारामतीला विमान शिकवणाऱ्या शाळा असताना डॉलर कशाला मोजायचे? आणि काकांचं ठाम मत असं की हे सगळं सरकारनंच स्वस्तात करून द्यायला हवं, नागपुरात फ्लाइंग क्लब काय शोभेला आहे? मी चौदा वर्षं अमेरिकेत फिनिक्समध्ये राहते आणि इथल्या डीअर व्हॅली विमानतळावर हौस म्हणून लहान विमान चालवायला शिकले, म्हणून तिघंही निवाडा माझ्याकडे मागतात.

मला जे दिसतं ते असं: आपल्याकडे सगळी चर्चा तासाच्या भावावर होते. महाग पडतं ते थांबणं.

हिशेब साधा आहे. भारतात कमर्शियल पायलटच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, शिवाय एक ३०० सागरी मैलांचा लांबचा पल्ला, १० तास नुसत्या उपकरणांवर, ५ तास रात्रीचे. रोज एक तास उडालं तरी सात महिन्यांत संपावं. पण मुलांना दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. विमान दुरुस्तीला गेलेलं असतं, इन्स्ट्रक्टर एक आणि मुलं पंधरा, मोठ्या विमानतळावर प्रवासी विमानांच्या मधली फट मिळत नाही, आणि जून ते सप्टेंबर ढग. तेवढ्या काळात खोलीचं भाडं, मेसचे पैसे, कर्जाचं व्याज चालूच राहतं. पंधरा दिवस खंड पडला की हात विसरतात आणि जुनाच धडा पुन्हा पैसे भरून घ्यावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं परदेशातल्या एका शाळेत सगळी फी आगाऊ भरली होती. तिथली विमानं जमिनीवरच राहिली. तो साठ तासांवर घरी परतला, आणि ते पैसे आजवर आलेले नाहीत. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

फिनिक्सचं हवामान नागपूरकरांना नवं नाही. जून-जुलैमध्ये इथंही पारा ४५ च्या वर जातो. समुद्रसपाटीपासूनची उंचीही तशीच, हजार-दीड हजार फूट. तापलेली हवा विरळ होते, लहान विमान जड चढतं. मग इथले लोक काय करतात, तर पहाटे पाचला उडतात किंवा सूर्य बुडाल्यावर. डीअर व्हॅली हा शहराच्या मालकीचा विमानतळ आहे, दोन समांतर धावपट्ट्या, आणि लहान विमानांच्या वर्दळीत देशात पहिल्या काही विमानतळांमध्ये त्याचा नंबर. विमानांना वाट देणारा टॉवर केंद्र सरकार चालवतं. मी उतरले म्हणून मला कधी कुणी पैसे मागितले नाहीत. पंपावर पेट्रोल भरावं तसं विमानात अ‍ॅवगॅस, म्हणजे लहान विमानांचं इंधन, भरता येतं. हेच अ‍ॅवगॅस भारतात २०२२ पर्यंत सगळं बाहेरून येत होतं. त्या वर्षी इंडियन ऑइलनं ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. असं पाऊल उचललं जातं तेव्हा आपण त्याची दखलच घेत नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणून अमेरिका स्वस्त का? नाही. सेस्ना १७२ या शिकायच्या लहान विमानाचं भाडं तासाला दीडशे ते दोनशे डॉलर, इन्स्ट्रक्टरचे वेगळे. सगळं धरून परवान्यापर्यंत सत्तर-ऐंशी हजार डॉलर सहज जातात, म्हणजे साठ-सत्तर लाख रुपये. भारतातही पन्नास लाखांच्या आसपास लागतातच, टाइप रेटिंग, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक मोठं विमान चालवायचं शिक्षण, वेगळं. आणि इथला परवाना घेऊन परत गेलेल्या मुलीला भारतात परवाना देणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, म्हणजे डीजीसीएचे, पेपर द्यावेच लागतात, उड्डाणाची परीक्षाही पुन्हा. शिकायला आलेल्या मुलांना इथं राहून एअरलाइनमध्ये नोकरी मिळत नाही. दादाला मी हे तीनदा सांगितलं. दहा महिन्यांत 'उडणं' संपेल, पण त्याच्या पुढचं वर्ष तो धरतच नाही.

इथं इन्स्ट्रक्टर इतके मिळतात कसे, याचं उत्तर मला शिकता शिकता उलगडलं. २००९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायला साधारणपणे १५०० तास लागू झाले. परवाना मिळतो अडीचशे तासांच्या आसपास. मधले हजारबाराशे तास कुठून आणायचे? शिकवून. मला शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा होता, तुटपुंज्या पगारावर दिवसाला सहा तास विद्यार्थ्यांबरोबर उडत होता, कारण तो प्रत्येक तास त्याच्या लॉगबुकात जमा होत होता. आपल्याकडे २०० तास आणि टाइप रेटिंगवर मुलगा थेट एअरबसच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, खुर्चीत बसू शकतो. मग धावपट्टीवर राहून शिकवायला थांबेल कोण? १५०० तासांची अट भारतात आणा असं मी मुळीच म्हणत नाही. त्यानं गरीब घरातली मुलं आणखी मागे पडतील. पण इन्स्ट्रक्टरला चांगला पगार आणि पुढे नोकरीत त्या तासांचं वजन मिळालं, तर थांबण्याचे निम्मे महिने कमी होतील, याची मला खात्री आहे.

आता काकांचं म्हणणं. नागपूरला विमानांचा इतिहास नाही असं कुणी म्हणू नये. माझे आजोबा आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत चारही आपापल्या गावी परत. देश झोपलेला असताना नागपूर जागं असायचं, हे आजोबा अभिमानानं सांगायचे. फ्लाइंग क्लबही तसाच जुना. पण विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतला हा क्लब मध्ये कित्येक वर्षं विमानं असून उडत नव्हता. पुढे चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर प्रशिक्षण न्यायचं ठरलं. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं ओबीसी मुलांसाठी याच क्लबबरोबर वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली, ती कल्पना मला मनापासून आवडली. गोंदियाला बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियानं वर्षाला १८० पायलट घडवायची शाळा जाहीर केली आहे. म्हणजे विदर्भात धावपट्ट्या आहेत, जागा आहे, आभाळ मोकळं आहे.

सरकारनं स्वतः विमानं चालवावीत की नाही, यावर काका आणि मी भांडतो. मला वाटतं, चालवू नयेत. धावपट्टी मात्र सरकारचीच हवी, नाममात्र भाड्यात विमानं ठेवायला हँगर हवं, इंधन हवं, रात्रीचे दिवे हवेत. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी नजरेवर चालणारं उड्डाण बहुतेक ठिकाणी बंद होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय होतो ते वैदर्भीय माणसाला सांगायला नको. आणि या सोयींच्या बदल्यात प्रत्येक शाळेनं एकच आकडा दर महिन्याला जाहीर करावा: प्रवेशापासून परवान्यापर्यंत एका विद्यार्थ्याला सरासरी किती महिने लागले. २०२५ मध्ये डीजीसीएनं फ्लाइंग स्कूल्सना श्रेणी द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या यादीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकही शाळा आली नाही. ही बातमी नागपुरात चौकाचौकांत बोलली जायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. त्यापुढे बहुतेक वेळा घर-जमीन तारण ठेवावी लागते. बेसाला प्लॉट आहे म्हणून माझी भाची हा विचार तरी करू शकते. तिच्या वर्गातली, तितकीच हुशार, भाड्याच्या घरातली मुलगी करू शकत नाही. व्याजात सवलत आणि सरकारी हमी द्यायची तर इथं द्या. आभाळात जायला सातबारा लागू नये.

भाचीसाठी मी जो क्रम सांगितला तो इथं लिहिते, कारण अशा अनेक घरांना तो उपयोगी पडेल. आधी पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी: पहिली क्लास टू मेडिकल, लगेच त्याहून कडक क्लास वन. रंग ओळखण्यात किंवा हृदयाच्या तपासणीत काही निघालं तर तेव्हाच कळेल, पन्नास लाख भरल्यावर नाही. मग नागपुरातच बसून नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर. पास व्हायला ७० टक्के लागतात, आणि पेपर आधी सुटले की नंतर सगळं लक्ष उडण्यावर राहतं. त्यानंतर शाळा बघायला स्वतः जायचं, ऑफिसात न बसता हँगरपाशी उभं राहायचं, आज किती विमानं वर गेली ते मोजायचं आणि तिथल्या मुलांना विचारायचं, मागच्या महिन्यात किती तास झाले? फी टप्प्याटप्प्यानंच. कुणी त्यावर १८ टक्के जीएसटी लावत असेल तर थांबवून विचारा, कारण मान्यताप्राप्त शाळेतल्या मंजूर अभ्यासक्रमाला जीएसटी नाही, हे २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं आहे.

दादा थोडा नाराज आहे. ताईनं काल रात्री फोन केला. क्लास टू मेडिकलची तारीख मिळाली आहे, पुढचा मंगळवार. प्लॉटचे कागद तिनं परत कपाटात ठेवले आहेत, आणि भाची हवामानाचं पुस्तक घेऊन गच्चीवर बसली आहे.