इरिडियम स्पार्क प्लगने मायलेज वाढत नाही, आणि प्लग बाहेर काढून ठिणगी तपासू नका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातले दावे असे: गाडी पेट्रोलची असो की सीएनजीची, इरिडियम स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग) टाका, तो कुठल्याही गाडीत चालतो, मायलेज वाढेल, गॅप (ठिणगी पडते ती फट) वाढवला की ठिणगी जोरात पडते, काळा प्लग म्हणजे खराब प्लग, बाहेर काढून ठिणगी दिसली तर प्लग चांगला, बसवताना जोर लावून आवळा. हे ऐकून वागलात तर नुकसान इंजिनाचं होतं.

आधी मायलेज. इरिडियम हा धातू सुमारे 2446 अंश सेल्सिअसला वितळतो, साध्या प्लगमधलं निकेल 1455 ला. म्हणून इरिडियमचं टोक 0.4 ते 0.6 मिमी इतकं बारीक ठेवता येतं. तिथे ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि टोक लवकर झिजत नाही. फायदा एवढाच, आणि तो खरा आहे. पण चांगल्या अवस्थेतला निकेल प्लगही इंधन-हवेचं मिश्रण वेळच्या वेळी पेटवतोच. झिजलेले प्लग काढून इरिडियम लावल्यावर गाडी हलकी वाटते, ती नव्या प्लगमुळे. नवे निकेल लावले असते तरी तशीच वाटली असती. उलट कंपनीने मुळातच इरिडियम दिले असतील, तर बचतीसाठी निकेल लावू नका. बदलण्याचं अंतर बरंच कमी होतं आणि ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

‘कुठल्याही गाडीत चालतो’ हे मात्र साफ चूक. प्लगवरचा कोड वाचा. एनजीके कंपनीच्या बीकेआर6ई-11 मध्ये आर म्हणजे आत रेझिस्टर, 6 म्हणजे हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो), ई म्हणजे 19 मिमी लांबीचे आटे, 11 म्हणजे 1.1 मिमी गॅप. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉशमध्ये नेमकं उलट. शिवाय एनजीकेचा 6 म्हणजे साधारण डेन्सोचा 20, त्यामुळे नुसता आकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नका. थंड प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर गेलं नाही तर काजळी जळून जात नाही. घोडबंदर रोडच्या रांगेत तासभर रांगणाऱ्या गाडीत अशा प्लगने मिसिंग (मिश्रण मधूनमधून न पेटणं) सुरू होतं. फार गरम प्लग तर ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो आणि पिस्टन जाळतो. आटे लांब निघाले तर टोक पिस्टनवर आपटू शकतं. गाडीच्या पुस्तिकेतला कोड हाच आधार धरा.

गॅप वाढवला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला ते आधीच पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलवर ताण येतो आणि ठिणगी आत पडण्याऐवजी प्लगच्या चिनीमातीच्या बाहेरून बॉडीकडे उडी मारते. तिथे उभ्या काळ्या रेघा दिसतात. अशा वेळी प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही बदला. (बॉडीलगत दिसणारा तपकिरी पट्टा मात्र गॅस गळतीचा नसतो, त्याने घाबरून प्लग फेकू नका.) गॅप वायर गेजने मोजा. इरिडियमचं टोक कशानेही दाबू किंवा वाकवू नका, ते तुटतं.

काळेपणा हे लक्षण आहे. प्लग काढताना सिलिंडरच्या क्रमानेच मांडा. सगळ्यांवर कोरडी काजळी असेल तर छोट्या फेऱ्या, तुंबलेला एअर फिल्टर किंवा जास्त पेट्रोल जाणं. एकाच प्लगवर ओलं तेल असेल तर त्या सिलिंडरच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघा. नवा प्लगही तसाच काळा होणार. फिकट तपकिरी किंवा राखाडी चांगला. पांढरा, फोड आलेला प्लग अति तापलेला असतो.

बाहेरच्या ठिणगीने काहीच सिद्ध होत नाही. सिलिंडरमध्ये दाब कितीतरी जास्त असतो. मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी तिथे पडेलच असं नाही. जवळ पेट्रोलची वाफ असते आणि शॉकही बसू शकतो. त्यापेक्षा कॉइलची अदलाबदल करा: पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावल्यावर स्कॅनरवरचा मिसिंगचा कोड पी0301 (पहिला सिलिंडर) चा पी0302 (दुसरा) झाला तर दोष कॉइलचा. कोड तिथेच राहिला तर तसाच प्लग फिरवून बघा. रेझिस्टरवाल्या प्लगचा रोध मल्टिमीटरवर साधारण 5 किलोओहमच्या आसपास येतो. अनंत दाखवला तर प्लग गेला.

आवळण्याबद्दल तर कळकळीने सांगायला हवं, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) आटे गेले की खर्च प्लगच्या कित्येक पट. इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लगच्या विहिरीतली धूळ, पावसाळ्यात साचलेलं पाणी, आधी हवेने उडवा. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा. अडला तर मागे घ्या, पाना लावू नका. 14 मिमी व्यासाच्या आट्यांचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वापरलेला असेल तर एक बारांश, शंकूच्या बैठकीचा असेल तर एक सोळांश. टॉर्क रेंच असेल तर वॉशरवाल्या 14 मिमीला 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 मिमीला 15 ते 20. आट्यांना ग्रीस लावू नका. त्याने तोच टॉर्क जास्त आवळतो. सैलही नको, कारण प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि बैठकीतून हेडमध्ये उतरते. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग वरून धड दिसला तरी बसवू नका. आतल्या चिनीमातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही.